कानात बोळा की उघडा कान? स्वस्त ओपन-इअर इअरबड्समागचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास

१/
दादर स्थानकाच्या पुलावर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी जरा निरखून पाहिले, तर तरुणांच्या कानांवर एक नवा दागिना दिसतो. तो कानाच्या भोकात शिरत नाही. काहींच्या कानावर तो बुगडीसारखा कडेला अडकलेला असतो, तर काहींच्या कानामागून चष्म्याच्या काडीसारखा वळून पुढे आलेला असतो. त्यातून गाणे ऐकू येते आणि त्याच क्षणी मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्नही ऐकू येतो. हे ओपन-इअर वायरलेस इअरबड्स. काही वर्षांपूर्वी ही चैनीची वस्तू होती; आज ती दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि रोजच्या वापरासाठी घेऊन पाहावी काय, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

२/
जाहिराती तिला ‘नवा शोध’ म्हणतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मराठीत ‘कानात बोळे घालून बसणे’ असा वाक्प्रचार आहे. ज्याला जगाचे ऐकायचेच नाही, त्याच्यासाठी तो वापरतात. यंत्रातून येणारा आवाज माणसाच्या कानापर्यंत पोहोचू लागला, तेव्हापासून अभियंत्यांसमोर हाच पेच उभा आहे: आवाज स्पष्ट हवा तर कानात बोळा घालावा लागतो, आणि जगाशी नाते ठेवायचे तर कान उघडा ठेवावा लागतो. दोन्ही एकदम साधायचे तर काहीतरी गमवावे लागते. काय गमवायचे, याची निवड प्रत्येक पिढीने वेगळी केली. त्या निवडींची ही कथा.

३/
कथेचा आरंभ १८८१ मध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनात होतो. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक बसवले आणि तारांवाटे तेथील गायन प्रदर्शनाच्या दालनात आणले. श्रोते दोन्ही हातांत एकेक रिसीव्हर धरून कानांना लावत. डाव्या आणि उजव्या कानांसाठी ध्वनिग्राहक वेगळे असल्याने गायक रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे गेला की ते कानांना जाणवे. आज ज्याला स्टिरिओ म्हणतात, त्याचा हा पहिला सार्वजनिक अनुभव मानला जातो.

४/
या प्रयोगातून ‘थिएट्रोफोन’ ही सेवा निघाली. १८९० पासून पॅरिसच्या हॉटेलांत आणि कॅफेंत नाणे टाकून ऐकण्याची यंत्रे बसली. ५० सँतिममध्ये ५ मिनिटांचे संगीत मिळे. येथे कान झाकला जाई तो स्वतःच्या हाताने, आणि हात खाली आणताच जग परत येई. ऐकणे आणि न ऐकणे यांतले अंतर केवळ मनगटाच्या हालचालीएवढे होते. पुढच्या काळात ही सोय हरवली, कारण हात मोकळे हवेत अशी मागणी आली.

५/
हात मोकळे करण्याचा एक विलक्षण प्रयत्न एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने केला. १८९१ मध्ये त्याला अमेरिकेत टेलिफोन रिसीव्हरचे पेटंट मिळाले. त्याची जोडी पावणेदोन औंसांहून कमी, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमच्या आत, वजनाची होती आणि कानाच्या भोकात बसत असे. टोकाला रबराचे आवरण होते. कानाला घर्षण होऊ नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये, असा त्या रबराचा दुहेरी हेतू पेटंटातच नोंदवलेला आहे. आजच्या सिलिकॉन टोकाच्या इअरबड्सचा पूर्वज तो हाच. कानात बोळा घालण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

६/
त्याच काळात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मात्र एकाच कानावर रिसीव्हर लावून बसत. एका कानात ग्राहकाचा आवाज, दुसरा कान शेजारच्या सहकाऱ्यासाठी आणि पर्यवेक्षकासाठी मोकळा. ज्यांना आठ-आठ तास ऐकण्याचेच काम करायचे होते, त्यांच्यासाठी जग पूर्ण बंद करून चालणार नव्हते. ‘रोजच्या वापराचा’ हा पहिला धडा होता आणि तो प्रयोगशाळेतून आला नव्हता. तो कामाच्या जागेतून आला होता.

७/
विसाव्या शतकात बिनतारी संदेश आले आणि तराजू पुन्हा बंद कानाकडे झुकला. संदेश अतिशय क्षीण असत. १९१० मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन याने स्वतः तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाकडे चाचणीसाठी पाठवले. ते इतके संवेदनशील निघाले की नौदलाने मागणी नोंदवली. बाल्डविन ते आपल्या घराच्या स्वयंपाकघरात जोडत असे, त्यामुळे एका वेळी थोडेच नग पुरवता येत. जहाजावरील यंत्रांच्या घरघरीत दूरच्या तारेची टिकटिक ऐकायची, तर दोन्ही कान झाकणे अपरिहार्य होते.

८/
या काळाशी भारताचा जवळचा संबंध आहे. क्रिस्टल रेडिओत गॅलेना या खनिजाचा खडा लहरी ओळखण्याचे काम करी, आणि गॅलेना वापरणाऱ्या अशा शोधकासाठी जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते. पुढे जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रसारण केले, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. साध्या क्रिस्टल संचाला बॅटरी लागत नसे, पण आवाजही एका जोडी हेडफोनपुरताच निघे. इंग्लंड-अमेरिकेतील घरांत त्यावर एक युक्ती निघाली होती: हेडफोन एखाद्या खोलगट वाडग्यात ठेवायचा आणि सर्वांनी भोवती डोके जोडून बसायचे. एकट्याच्या कानासाठी बनलेली वस्तू कुटुंबाने अशी सामाईक केली.

९/
बंद कान आणि उघडा कान या दोन टोकांचा सर्वांत नवलाचा नमुना मात्र एकाच माणसात सापडतो. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून न्यूयॉर्कला आलेला संपादक आणि संशोधक. विज्ञानकथांच्या ‘ह्यूगो’ पुरस्काराला त्याचेच नाव आहे. १९२३ मध्ये त्याने ‘ऑसोफोन’ नावाच्या उपकरणासाठी पेटंटचा अर्ज केला. ते दातांत धरायचे; कंपने दातांतून कवटीच्या हाडांत आणि तेथून अंतर्कर्णात जात. कानाची नळी पूर्ण मोकळी राही.

१०/
दोनच वर्षांनी, जुलै १९२५ मध्ये, त्याच गर्न्सबॅकने आपल्या ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’ मासिकात ‘आयसोलेटर’ नावाचे शिरस्त्राण मांडले. संपूर्ण डोके झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे, डोळ्यांपुढे बारीक फटी ठेवलेले आणि श्वासासाठी प्राणवायूची नळी जोडलेले. लेखकाचे लक्ष विचलित होऊ नये, हा उद्देश. एकाच मेंदूतून उघड्या कानाचे यंत्र निघाले आणि कानच काय, सारे डोके कोंडणारे यंत्रही निघाले. माणसाला दोन्ही हवे असते, कधी जग तर कधी एकांत, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

११/
१९५८ मध्ये अमेरिकेच्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस या जॅझ वादकाने एसपी-३ हे स्टिरिओ हेडफोन आणले. हेडफोन तोवर मुख्यत्वे ऑपरेटर, वैमानिक आणि सैनिक यांचे अवजार होते. आता ते घरात बसून संगीत ऐकण्याचे साधन झाले. जाड गाद्यांनी कान झाकणारी ही घडण संगीताला पोषक होती, पण ती बैठकीच्या खोलीतच शोभे. ती घालून कोणी बाजारात जाईल, अशी कल्पनाही नव्हती.

१२/
१९६८ मध्ये जर्मनीतील झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा हेडफोन आणला आणि बंद गाद्यांची रूढी मोडली. त्याच्या कानांवर पिवळ्या स्पंजच्या पातळ चकत्या होत्या. त्यांतून आवाज आतबाहेर जाऊ शकत असे. हा पहिला ‘उघडा’ हेडफोन म्हणून ओळखला जातो. कानाला घाम येत नसे, डोक्यावर ओझे नसे आणि संगीत डोक्याच्या आत कोंडल्यासारखे न वाटता भोवती पसरल्यासारखे वाटे. त्याचे एक कोटीहून अधिक नग खपले. उघड्या कानाला बाजारात मागणी आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

१३/
उघडेपणाची किंमतही तेव्हाच स्पष्ट झाली. तिचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. तिचे तोंड बंद केले की आत चिमूटभर हवा उरते. तेवढ्या हवेवर छोटासा पडदाही सहज दाब देऊ शकतो, म्हणून ढोल-तबल्याचा खर्ज भरदार ऐकू येतो. तोंड उघडे ठेवले की हा दाब निसटतो. शिवाय पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटून खर्ज आणखी क्षीण होतो. उघड्या कानाच्या उपकरणात खर्ज कमी पडणे हा निव्वळ कारागिरीचा दोष नव्हे. ती उघडेपणाची निसर्गाने ठरवलेली किंमत आहे. उत्तम घडणीने ती कमी करता येते, शून्य करता येत नाही.

१४/
१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला. किंमत ३३,००० येन. या यंत्राचे श्रेय बहुधा छोट्या कॅसेट प्लेअरला दिले जाते. पण निम्मे श्रेय त्याच्या हेडफोनचे आहे. त्या काळी हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत. वॉकमनसोबत आलेला हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा होता आणि त्यावर स्पंजच्या चकत्या होत्या, म्हणजे घडण उघडीच होती. वॉकमनचे संगीत दाराबाहेर पडले ते उघड्या कानाने.

१५/
वॉकमनच्या जन्मकथेत एक मानवी प्रसंग आहे. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की ते घरी यंत्राची चाचणी घेत असताना पत्नीला एकटे पडल्यासारखे वाटले. एकट्याने ऐकणे असभ्य ठरेल, या शंकेने त्यांनी यंत्रात दोन बदल करवले. एक, हेडफोनसाठी दोन जोडण्या, जेणेकरून दोघांना मिळून ऐकता यावे. दुसरा, ‘हॉटलाइन’ नावाचे नारिंगी बटण. ते दाबताच संगीत मंद होई आणि यंत्रातील मायक्रोफोन समोरच्याचे बोलणे कानांपर्यंत पोहोचवी.

१६/
लोकांनी मात्र मोरितांची शंका खोटी ठरवली. ग्राहकांना यंत्र वाटून घ्यायचेच नव्हते. प्रत्येकाला ते स्वतःचे हवे होते. नारिंगी बटण पुढच्या मॉडेल्समधून गळाले. कॅसेट वॉकमनचे २० कोटींहून अधिक नग विकले गेले. १९८४ मध्ये जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांनी ‘वॉकमन इफेक्ट’ या निबंधात या नव्या नागरी एकांताची चिकित्सा केली. गर्दीत असूनही गर्दीचा नसलेला माणूस, ही त्या दशकाची ओळख झाली.

१७/
एकांताची दुसरी बाजू रस्त्यावर दिसली. १९८२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वुडब्रिज या नगराने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास बंदी करणारा नियम केला. दंड आणि कैद, दोन्हींची तरतूद होती. तेव्हा पुष्कळांनी त्याची थट्टा केली. ती थट्टा सर्वस्वी योग्य नव्हती, हे पुढे दिसले. २०१२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या संशोधकांनी २००४ ते २०११ या काळातील, हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांचा मृत्यू झाला होता. निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेगाडीशी संबंधित होते आणि बहुतेक बळी तिशीच्या आतले होते. रेल्वेरूळ ओलांडण्याची सवय असलेल्या मुंबईकर वाचकाने हा आकडा क्षणभर थांबून वाचावा.

१८/
याच दशकांत बंद कानाचे शास्त्र आणखी पुढे गेले. बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला विमानाने जात होते. इंजिनाच्या घरघरीत हेडफोनमधले संगीत बुडालेले पाहून त्यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली: बाहेरच्या लहरीला नेमकी उलटी लहर निर्माण करून ती मारता येईल काय? मूळ कल्पना जर्मन संशोधक पाउल ल्यूग याच्या १९३६ च्या पेटंटात होती. बोस यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी असे हेडफोन आणले. आता बोळा केवळ रबराचा राहिला नाही. तो गणिताचाही झाला.

१९/
पुढे एक गमतीदार वळण आले. कान पूर्ण बंद करण्यात यश मिळताच लोकांना बाहेरचे ऐकण्याची निकड भासू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या एअरपॉड्स प्रोमध्ये आवाज मारण्याच्या सोयीबरोबरच ‘ट्रान्स्परन्सी’ नावाची सोय होती: कान रबराने बंद, पण बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून आत सोडलेला. मोरितांचे नारिंगी बटणच चाळीस वर्षांनी नव्या वेषात परतले होते. आधी दार लावायचे आणि मग त्याला खिडकी पाडायची, असा हा प्रकार. तो महाग पडतो, बॅटरी खातो, आणि खिडकीतून येणारा आवाज अखेर यंत्रातून गाळलेलाच असतो.

२०/
दरम्यान तार तुटली होती. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ पासून कमी पल्ल्याच्या बिनतारी जोडणीवर काम केले. १९९८ मध्ये अनेक कंपन्यांचा गट स्थापन झाला. या तंत्राला दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव मिळाले. त्याने विखुरलेल्या टोळ्या एका सत्तेखाली आणल्या, तसे हे तंत्र वेगवेगळी यंत्रे जोडील, ही कल्पना. ब्लूटूथचे निळे चिन्ह त्याच्या नावाच्या आद्याक्षरांच्या दोन रूनिक अक्षरांची जोडणी आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांच्या खिशात असा एक व्हायकिंग राजा रोज फिरत असतो.

२१/
येथे एका लोकप्रिय समजाची तपासणी आवश्यक आहे. हॉलिवूड अभिनेत्री हेडी लमार हिने ब्लूटूथचा शोध लावला, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. खरी गोष्ट अशी: लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये पाणतीरांच्या नियंत्रणासाठी एक पेटंट मिळाले. त्यात संदेश सतत एका वारंवारतेवरून दुसरीवर उडी मारतो. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ वारंवारता त्यांनी योजल्या होत्या. ब्लूटूथही सेकंदाला १६०० वेळा अशी उडी मारू शकते. तत्त्व सारखे आहे. परंतु त्या पेटंटातून थेट ब्लूटूथ निघाले, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. लमारची प्रतिभा मोठी ठरण्यासाठी या अतिशयोक्तीची गरज नाही.

२२/
संपूर्ण बिनतारी इअरबड्स, म्हणजे दोन कानांच्या मध्येही तार नसलेले, २०१४–१५ च्या सुमारास अवतरले. जर्मनीच्या ब्रागी कंपनीने ‘डॅश’साठी लोकवर्गणीतून पैसे उभे केले, जपानच्या ओन्क्योने २०१५ मध्ये आपली जोडी आणली. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने नव्या आयफोनमधून हेडफोनची जोडणी काढून टाकली आणि १५९ डॉलरचे एअरपॉड्स जाहीर केले. त्यानंतर ब्लूटूथचा ग्राहक, ध्वनीचा अर्थ लावणारा भाग आणि बॅटरीचे नियंत्रण एकाच चिपवर सामावणाऱ्या स्वस्त चिनी चिप्स बाजारात आल्या. कोणतीही छोटी कंपनी तयार चिप, तयार साचा आणि आपले नाव घेऊन इअरबड्स विकू लागली. भारतातील स्वस्ताईचे मूळ येथे आहे.

२३/
स्वस्त बोळे सर्वांच्या कानी लागल्यावर त्यांचे त्रासही सर्वांना कळले: खाज, घाम, स्वतःच्या पावलांचा आणि चावण्याचा डोक्यात घुमणारा आवाज, हाक न ऐकू आल्याने घरातली बोलणी. २०१७ मध्ये जपानमध्ये सोनीशी संबंधित ॲम्बी या कंपनीने कानाच्या कडेला अडकणारे छोटे उपकरण आणले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनीने ‘लिंकबड्स’ आणले. त्यांच्या पडद्याच्या मधोमध चक्क भोक होते, बाहेरचा आवाज आत यावा म्हणून. किंमत १८० डॉलरच्या घरात. २०२३ नंतर कानामागे अडकणारी आणि बुगडीसारखी चिमटणारी उपकरणे अनेक कंपन्यांनी काढली. एकाच चिपवर चालणाऱ्या स्वस्ताईने पाठोपाठ त्यांनाही गाठले.

२४/
स्वस्त जोडी घेताना पहिला गोंधळ नावाचा होतो. उघड्या कानाची उपकरणे दोन जातींची असतात. एक ऑसोफोनच्या कुळातली, हाडांतून कंपने पाठवणारी. दुसरी एचडी ४१४ च्या कुळातली, कानाजवळ छोटा स्पीकर ठेवून हवेतून आवाज सोडणारी. खोक्यावर ‘बोन कंडक्शन’ छापले असले, तरी आत दुसऱ्या जातीचा स्पीकर असू शकतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. गाणे सुरू करून कानाचे भोक बोटाने बंद करावे. आवाज मंदावला तर तो हवेतून येत होता. भरदार झाला तर हाडांतून. दोन्ही जातींचे आपापले उपयोग आहेत, पण खरेदी समजून केलेली बरी.

२५/
दुसरा गोंधळ आरोग्याचा. ‘कान उघडा म्हणजे कान सुरक्षित’ हे विधान अर्धसत्य आहे. ऐकण्याची पेशी अंतर्कर्णात असते आणि आवाज हवेतून आला की हाडांतून, तिला मिळणारी ऊर्जा तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालू शकतो. ९० डेसिबलला ही मुदत केवळ ४ तासांवर येते. प्रत्येक ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, हे त्यामागचे गणित.

२६/
येथेच उघड्या कानाची खरी परीक्षा आहे. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि व्यापारी भागासाठी ६५ डेसिबलची मर्यादा आहे; आपल्या चौकांतला गोंगाट तिला जुमानत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे. बोळा हा गोंगाट अडवतो, म्हणून आत मंद संगीत पुरते. उघड्या कानात गोंगाट आणि गाणे एकाच वाटेने शिरतात. गाणे वर यावे म्हणून अंगठा आवाजाच्या बटणाकडे जातो, आणि सुरक्षिततेसाठी घेतलेली वस्तू कानाला अधिक त्रास देऊ लागते. म्हणून नवी जोडी घेतल्यावर घरातील शांत खोलीत सोयीचा वाटेल तो आवाज ठरवावा, आणि तोच न बदलता वर्दळीच्या रस्त्यावर ऐकून पाहावा. शब्द कळत नसतील, तर त्या जागी गाणे बंद करणे हेच योग्य. आवाज वाढवणे नव्हे.

२७/
रोजच्या वापराच्या बाकीच्या कसोट्याही या इतिहासातूनच निघतात. थिएट्रोफोनचा श्रोता स्वतःचाच ऐके. उघड्या इअरबड्समधून शेजाऱ्यालाही ऐकू जाऊ शकते, म्हणून शांत खोलीत दुसऱ्याला हातभर अंतरावर बसवून गळती तपासावी. बाल्डविनच्या नौदलाला क्षीण संदेश ऐकायचा होता. आज फोनवरच्या समोरच्या माणसाला आपला आवाज वाऱ्यात कसा पोहोचतो, हे त्यालाच विचारावे. चष्मा वापरणाऱ्याने कानामागे वळणाऱ्या जातीपेक्षा चिमटणारी जात आधी लावून पाहावी. खर्जाची अपेक्षा माफक ठेवावी. निवेदन, व्याख्यान, बातम्या, गप्पा यांसाठी ही उपकरणे अधिक जुळतात. लोकलच्या डब्यात किंवा विमानात त्यांच्याकडून चमत्काराची आशा करू नये. तेथे अमर बोस यांचा मार्गच श्रेष्ठ. वाहन चालवताना तर कोणतीही जोडी कानावर नसावी.

२८/
पावसाळी प्रदेशात एक कसोटी आणखी. खोक्यावरील ‘आयपीएक्स ४’ याचा अर्थ चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसण्याची क्षमता. नळाखाली धरण्याची किंवा मुसळधार सरीत भिजण्याची नव्हे. इअरबड्सची बॅटरीही चिमुकली असते आणि स्वस्त जोडीत ती बहुधा बदलता येत नाही. काही वर्षांत तिची धाव आखूड होते आणि सारी वस्तू कचऱ्यात जाते. एचडी ४१४ चा स्पंज झिजला की नवा बसवता येत असे. बिनतारी स्वस्ताईने हे सुख हिरावले, आणि त्याचा हिशोब किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

२९/
१८९१ मधील रबर, १९२५ मधील शिरस्त्राण, १९७९ मधील नारिंगी बटण आणि २०२२ मधील भोक पाडलेला पडदा, ही सारी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. कोणतेही उत्तर अंतिम ठरले नाही, कारण माणसाची गरज प्रहरागणिक बदलते. अभ्यासाला बसलेल्याला बोळा हवा. रस्त्याने चालणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, घरात आजारी माणूस असलेल्याला उघडा कान हवा. पूर्वी यांपैकी एकच साधन परवडे, आणि ते बहुधा बोळ्याचे असे. आता साध्या पगारातही दुसरा पर्याय हाताशी आला आहे, एवढेच या स्वस्त उपकरणाचे श्रेय. ते थोडे नाही.

३०/
मोरितांच्या घरातील त्या दिवशीची चाचणी आजही घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. नवी जोडी कानावर चढवावी, ठरलेल्या आवाजात गाणे लावावे आणि घरातील कोणालाही दुसऱ्या खोलीतून एकदाच, नेहमीच्या सुरात हाक मारायला सांगावे. पहिल्याच हाकेला ‘ओ’ देता आली, तर खरेदी सार्थकी लागली.

(समाप्त)